गोधडी आणि मुक्तीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, सनदा, तहनामे आणि ताम्रपट उभे राहतात. ज्यांच्याजवळ दप्तर होते, त्यांचा इतिहास लिहिला गेला. ज्यांच्याजवळ ते नव्हते, त्यांचा उल्लेख फार तर दुसऱ्याच्या दप्तरात, आणि तोही बहुधा जमाखर्चाच्या वहीत सापडतो. मग अशा माणसांनी आपला इतिहास ठेवला तरी कोठे? अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजापुरते बोलायचे तर या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. त्यांची गाणी आहेत, चर्चमधील प्रवचने आहेत, आजीने नातवंडांना सांगितलेल्या कहाण्या आहेत. या लेखात आम्ही एकाच उत्तराचा विचार करणार आहोत, आणि ते उत्तर कापडाचे आहे. जिला आपण गोधडी किंवा वाकळ म्हणतो, तिच्याच जातीची वस्तू अमेरिकेतही घरोघर शिवली जात असे. तिकडे तिला क्विल्ट म्हणतात. खाली अस्तर, मध्ये भराव, वर तुकड्यांची जोडणी, आणि हे तिन्ही थर एकत्र धरणारे धावदोऱ्याचे टाके, ही तिची घडण आपल्या आयाबहिणींना समजावून सांगण्याचे कारण नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जेथे कागद गप्प बसतात, तेथे घरातल्या आठवणीला साक्षीचे मोल येते. ही साक्ष घरातली ऊब न गमावता चारचौघांपुढे कशी मांडावी, हे साधलेल्या काही स्त्रिया अमेरिकेत होऊन गेल्या. त्यांच्या कामाची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

विषय परका नाही

कोणी विचारील की, सातासमुद्रापलीकडच्या गोधड्यांशी आपला संबंध काय? त्याला उत्तर आहे. 1873 साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले. काळ्या लोकांना गुलामीतून सोडविण्याच्या कामी त्या लोकांनी जो त्याग केला, त्याबद्दल आदर व्यक्त करून आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी तेथे प्रकट केली. अमेरिकेत घटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली ती डिसेंबर 1865 मध्ये. म्हणजे ती गोष्ट घडून आठ वर्षे होतात न होतात, तोच पुण्यातील एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिची नोंद झाली होती. तेव्हापासून हा विषय मराठी वाचकाचाही आहे.

मात्र आपल्याला त्या इतिहासातील मोठी नावे तेवढी ठाऊक असतात. लिंकन ठाऊक आहे, मार्टिन ल्यूथर किंग ठाऊक आहेत. कायदा झाला, सभा झाल्या, मोर्चे निघाले, हे आपण वाचलेले असते. पण ज्यांच्यासाठी हे सारे झाले, त्यांच्या घरात संध्याकाळी दिवा लागल्यावर काय बोलले जात होते, मुलांच्या अंगावर काय पांघरले जात होते, याची वार्ता कायद्याच्या पुस्तकात नसते. ती शोधायची तर अंथरुणा-पांघरुणापर्यंत जावे लागते.

नाव नसलेली माणसे

प्रथम कागद का गप्प आहेत ते पाहू. 1850 आणि 1860 साली अमेरिकेत जी शिरगणती झाली, तीत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव लिहिलेले असे. त्याखाली गुलामांचे वय, स्त्री की पुरुष, आणि वर्ण एवढीच नोंद असे. बहुतेक ठिकाणी गुलामाचे नाव नसे. पन्नास वर्षांची बाई आणि सहा महिन्यांचे मूल, दोघेही मालकाच्या नावाखालचे आकडे. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहावाचायला शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. आई एकाला विकली आणि मूल दुसऱ्याला, असे राजरोस घडत असे. मुक्ती मिळाल्यानंतर कित्येक वर्षे कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत हरवलेल्या आईचा, भावाचा, लेकीचा ठावठिकाणा विचारणाऱ्या जाहिराती येत राहिल्या. शेवटची भेट कोठे झाली, त्या वेळी मालक कोण होता, एवढ्या खुणेवर ही माणसे एकमेकांना शोधीत होती.

अशा समाजात घरातली आठवण हा निवांत वेळचा विरंगुळा उरत नाही. आजीचे नाव सांगता येणे, ती कोणत्या गावाहून आली हे सांगता येणे, म्हणजे मालकाच्या वहीतील आकड्याला पुन्हा माणूस करणे होय. म्हणून त्या समाजात बालपणीची आठवण आणि मुक्तीचा इतिहास ही दोन वेगळी दालने राहिली नाहीत. जे आईच्या तोंडून ऐकले, तोच पुष्कळांच्या बाबतीत इतिहासाचा पहिला धडा होता.

पाच डॉलरची गोधडी

हॅरिएट पॉवर्स ही बाई 1837 साली जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मली. मुक्तीनंतर ती आणि तिचा नवरा अथेन्स या गावाजवळ शेतीवर राहत. तिने केलेल्या दोनच गोधड्या आज उपलब्ध आहेत. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आणि दुसरी बोस्टनच्या कलासंग्रहालयात. कापडाच्या आकृती कातरून दुसऱ्या कापडावर टाचायच्या, ही तिची रीत. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी राज्यात अशाच आकृत्या टाचलेली कापडे होत असत, आणि दोन्हींतील साम्य अभ्यासकांच्या नजरेस आले आहे.

पहिली गोधडी 1886 साली अथेन्सच्या कापूस-प्रदर्शनात मांडलेली होती. चित्रकला शिकविणाऱ्या एका गोऱ्या बाईंना ती फार आवडली आणि त्यांनी ती विकत मागितली. पॉवर्सबाईने साफ नकार दिला. पुढे चारपाच वर्षांनी घरची ओढगस्त झाली, तेव्हा ती स्वतःच गोधडी घेऊन गेली. तिने दहा डॉलर मागितले, मिळाले पाच. परंतु देण्यापूर्वी तिने प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला, आणि घेणाऱ्या बाईंनी तो लिहून ठेवला म्हणून तो आज आपल्याला कळतो. विकल्यानंतरही ती अनेकदा आपली गोधडी पाहायला येत असे. पोटच्या पोरीला सासरी भेटायला जावे, तसे ते जाणे होते.

दुसऱ्या गोधडीत पंधरा चौकटी आहेत. त्यांत बायबलातील मोझेस, योना, ईयोब आहेत. गुलामीतल्या माणसांना बायबलातील ज्या कथा विशेष प्रिय होत्या, त्या सुटकेच्या कथा होत्या, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. पण या पुराणकथांच्या शेजारीच घडलेल्या गोष्टीही आहेत. 1895 सालची जीवघेणी थंडी आहे. जॉर्जियाहून निघून पाचशे मैल धावत व्हर्जिनियाला पोचलेली एक डुकरीण आहे, आणि तिला नावही आहे. ही चौकट पाहताना उत्तरेकडे पळणाऱ्या गुलामांची आठवण अनेकांना झाली, यात नवल नाही. आणि एका चौकटीत 13 नोव्हेंबर 1833 च्या रात्रीचा तो प्रसिद्ध उल्कावर्षाव आहे.

आता हे साल पाहा. पॉवर्सबाईचा जन्म 1837 चा. म्हणजे तारे पडले ते तिच्या जन्माआधी चार वर्षे. तिने ते पाहिले नव्हते, ऐकले होते. ज्यांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसे, असे अनेक गुलाम आपले वय त्या रात्रीवरून मोजीत. आपल्याकडील म्हातारी माणसे ‘पहिल्या प्लेगच्या साली’ किंवा ‘मोठ्या दुष्काळात’ जन्म झाला असे सांगत, त्यातलाच हा प्रकार. वडीलधाऱ्यांनी सांगितलेली रात्र लेकीने साठीच्या घरात आल्यावर कापडावर टाचली. पंचांग नसलेल्या समाजाचे ते पंचांगच म्हणायचे.

नदीच्या वळणावरचे गाव

पॉवर्सबाईंची गोधडी चित्रमय आहे. परंतु बहुतेक घरांतल्या गोधड्यांवर चित्रे नसत, नुसते तुकडे असत. त्या तुकड्यांतही इतिहास कसा असतो, हे पाहायला अलाबामा राज्यातील जीज बेंड या गावी गेले पाहिजे. अलाबामा नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेले हे गाव. मार्क पेटवे या मळेवाल्याने 1845 साली तेथील मळा घेतला आणि आपले गुलाम उत्तर कॅरोलायनाहून पायी चालवत आणले. मुक्तीनंतरही ही माणसे तेथेच खंडाने शेती करीत राहिली, आणि मालकाचे पेटवे हे आडनाव आजही गावातील कितीतरी घरांना आहे. 1932 साली एका मृत सावकाराच्या वारसांनी कर्जापोटी गावातील जनावरे, अवजारे, घरातले धान्यसुद्धा उचलून नेले. पुढे सरकारने जमीन विकत घेऊन ती कर्जाऊ रकमेवर या कुटुंबांना दिली, तेव्हा पायाखाली स्वतःची भुई आली.

या गावच्या बायका थंडीपासून बचाव म्हणून गोधड्या शिवीत. कापड विकत घेण्याची ऐपत नव्हती. पिठाची पोती, जुने झगे, शेतात घालून विटलेल्या विजारी, हेच त्यांचे भांडवल. 1942 साली मिझूरी पेटवे या बाईचा नवरा वारला. तिने त्याचे कामाचे कपडे उसवून त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या कपड्यांची ऊब अंगावर असावी, असा तिचा हेतू होता. हे तिच्या मुलीने सांगितले. शिवताना ती मुलगी आईच्या हाताखाली होती. या गोधडीवर कसलीही आकृती नाही. निळ्या, करड्या, मातकट पट्ट्या तेवढ्या आहेत. पण नांगरामागे चाललेल्या माणसाचे आयुष्य यापेक्षा प्रामाणिकपणे कोणत्या चित्रकाराने दाखविले असते?

मतदानाच्या हक्काचा लढा या गावात पोचला, तेव्हा त्याची किंमत लोकांना कशी मोजावी लागली तेही सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे नदीपलीकडच्या कॅम्डेनला जाण्यासाठी एक तर होती. मतदार म्हणून नाव नोंदवायला काळे लोक पलीकडे जाऊ लागले, तेव्हा 1962 साली ती तर बंद झाली. समोर दिसणाऱ्या गावी जायला आता सुमारे चाळीस मैलांचा वळसा पडू लागला. फेब्रुवारी 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग पावसात या गावी आले आणि चर्चमध्ये बोलले. त्यानंतरच्या वर्षी परिसरातील बायकांनी गोधड्या विकण्यासाठी सहकारी संस्था काढली, आणि तिच्या नावातच ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घातला. तर पुन्हा सुरू झाली ती 2006 मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. त्याच वर्षी जीज बेंडच्या गोधड्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर झळकल्या.

हार्लेममधील एक मुलगी

आतापर्यंत आपण पाहिल्या त्या गोधड्या घरासाठी, फार तर गावच्या प्रदर्शनासाठी केलेल्या होत्या. घरातली ही कला जाणूनबुजून हाती घेऊन तिच्यातून मुक्तीचा इतिहास सांगण्याचे काम पुढच्या काळात ज्यांनी केले, त्यांत फेथ रिंगगोल्ड यांचे नाव पुढे येते. त्यांचा जन्म 1930 साली न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीत झाला आणि एप्रिल 2024 मध्ये त्या वारल्या. लहानपणी त्यांना दम्याचा विकार होता. शाळा बुडे, आणि मग घरात आईजवळ बसून रंगाच्या कांड्या आणि कापडाचे तुकडे घेऊन खेळण्यात दिवस जाई. आई विली पोझी या पोशाखांची आखणी करणाऱ्या व्यावसायिक होत्या. आईला शिवण तिच्या आजीकडून मिळाले होते. त्याही मागच्या पिढीतील सूझी शॅनन ही गुलामीत होती आणि मालकाच्या घरासाठी गोधड्या शिवीत असे, ही गोष्ट रिंगगोल्डबाईंना घरातूनच कळलेली होती. मालकासाठी शिवलेल्या त्या गोधड्यांवर शिवणारीचे नाव असणे शक्यच नव्हते.

1950 साली त्या न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात चित्रकला शिकायला गेल्या, तेव्हा त्या शाखेत मुलींना प्रवेश नव्हता. शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमात नाव घालून त्यांनी चित्रकला शिकून घेतली, आणि पुढे 1973 पर्यंत सार्वजनिक शाळांत ती शिकविली. सुरुवातीची त्यांची कामे तैलरंगातील आहेत. 1967 साली अमेरिकेतील शहरांत दंगली पेटल्या होत्या. त्या वर्षी त्यांनी सुमारे बारा फूट लांबीचे ‘डाय’ हे चित्र काढले. काळी-गोरी माणसे रक्तबंबाळ होऊन धावत आहेत, आणि मधोमध एक काळी मुलगी व एक गोरा मुलगा एकमेकांना घट्ट धरून बसले आहेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने हे चित्र विकत घेतले ते 2016 मध्ये. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी.

1972 साली ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात त्यांनी तिबेटातील थांगका पाहिले. कापडाच्या काठात बसविलेली, गुंडाळून खांद्यावर नेता येणारी ती चित्रे पाहून त्यांना वाट सापडली. लाकडी चौकट, जड पेट्या, नेणारे हमाल, यांवाचून चित्र हिंडू शकते हे त्यांच्या ध्यानी आले. मग चित्रे लेकीने रंगवायची आणि त्यांना कापडाचे काठ आईने शिवायचे, असे मायलेकींचे काम सुरू झाले. 1980 मध्ये दोघींनी मिळून पहिली गोधडी केली, ‘एकोज ऑफ हार्लेम’. तीत हार्लेममधील माणसांचे तीस चेहरे आहेत. पुढच्याच वर्षी आई गेली. आईच्या हातची शिवण आणि लेकीच्या हातचा रंग एकत्र आलेली अशी गोधडी पुन्हा होणार नव्हती.

त्या सुमारास त्यांनी आत्मचरित्र लिहिले होते, पण ते छापायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी ठरविले की, पुस्तक छापत नाहीत तर गोष्ट गोधडीवर लिहावी. चित्रासाठी गोधडी भिंतीवर लागली की तिच्यावरील मजकूरही लोकांना वाचावाच लागेल. 1983 साली पहिली गोष्टीची गोधडी झाली. तिचा विषय होता ‘आँट जेमायमा’. हे नाव 1889 पासून धिरड्यांच्या पिठाच्या डब्यावर होते. डोक्याला फडके बांधलेली, गोऱ्यांच्या घरी राबण्यात आनंद मानणारी काळी स्वयंपाकीण, असे ते चित्र. लहान काळ्या मुलींनी दुकानात आपल्यासारखी बाई पाहायची ती हीच. रिंगगोल्डबाईंनी तिची नवी गोष्ट रचली आणि तिला स्वतःच्या हिमतीवर उपाहारगृह चालविणारी, गोतावळ्यातील बाई केले. कॅलिफोर्नियातील बेटी सार या कलावंतीणीने 1972 सालीच एका छोट्या पेटीत हीच जेमायमा उभी करून तिच्या एका हाती झाडू आणि दुसऱ्या हाती बंदूक दिली होती. त्या कंपनीने ते नाव टाकून दिले 2021 मध्ये. कलेने जे दाखविले, ते बाजाराला पटायला सुमारे अर्धे शतक लागले.

डांबराची चौपाटी

रिंगगोल्डबाईंच्या सर्व कामांत ‘टार बीच’ ही 1988 सालची गोधडी फार लोकप्रिय झाली. ती न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. या नावाचा अर्थ डांबराची चौपाटी. हार्लेममधील चाळवजा इमारतींच्या गच्च्या डांबर ओतून केलेल्या असत. उन्हाळ्यात खोल्यांत जीव घाबरा होई, आणि समुद्रकिनारी जाण्याची ऐपत नसे. मग अंथरुणे, खाणेपिणे घेऊन सारे गच्चीवर जात. गिरगावच्या किंवा परळच्या चाळीत उन्हाळा काढलेल्यांना ही चौपाटी चटकन ओळखता येईल.

गोधडीच्या मध्यभागी रात्रीची गच्ची रंगविलेली आहे. मेजाभोवती आईवडील आणि शेजारी पत्ते खेळत आहेत, दोरीवर कपडे आहेत, खाण्याची मांडामांड आहे. बाजूला आठ वर्षांची कॅसी आणि तिचा धाकटा भाऊ पाठीवर पडून आकाश पाहत आहेत. दूर जॉर्ज वॉशिंग्टन पूल दिव्यांनी लखलखतो आहे. आणि वर पाहावे तर तीच कॅसी आकाशात उडते आहे. भोवती फुलाफुलांच्या कापडाच्या तुकड्यांचा काठ आहे, आणि वरखाली पट्ट्यांवर बारीक अक्षरांत तिची गोष्ट लिहिली आहे. काळ आहे 1939 चा. त्या सालच्या उन्हाळ्यात रिंगगोल्डबाईही आठ वर्षांच्याच होत्या, आणि हा पूल त्यांच्या लहानपणाच्या आकाशात होता.

येथवर हे सुखाचे घरगुती चित्र वाटते. पण अक्षरे वाचू लागले की त्यात काटा सापडतो. कॅसीचा बाप इमारतींच्या उंच लोखंडी तुळ्यांवर काम करणारा मजूर आहे. तो पूल बांधायलाही तो होता. पण कामगार संघटनेत त्याला घेत नाहीत, कारण तो गोरा नाही. ज्या इमारतीत संघटनेची कचेरी व्हायची, ती उभारायला त्याचे हात चालतात. तिच्या पटावर त्याचे नाव चालत नाही. काम नसले की बाप बाहेर वणवण फिरतो आणि आई रडते. हे सगळे आठ वर्षांच्या मुलीने पाहिले आहे. म्हणून ती ठरवते की आपण त्या इमारतीवरून उडायचे. ज्यावरून उडू ते आपले होईल, आणि मग ते बाबांना देऊन टाकायचे. त्याच हिशेबाने ती आइस्क्रीमच्या कारखान्यावरूनही उडणार आहे, म्हणजे रोज जेवणानंतर आइस्क्रीम मिळेल.

हे बालिश खरे, पण या उडण्यामागे मोठी परंपरा आहे. जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील काळ्या लोकांत एक कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मळ्यावर राबणाऱ्या काही गुलामांना एके दिवशी पूर्वजांचे शब्द आठवले, आणि ते जमीन सोडून उडत आफ्रिकेला परत गेले, अशी ती कथा. कॅसी त्यांच्याच कुळातली आहे. अमेरिकेतील बांधकाम-व्यवसायाच्या अनेक संघटनांनी काळ्या कामगारांना दारातच अडविले, हा मजूर चळवळीच्या इतिहासातील जड भाग आहे. त्यावर ग्रंथ आहेत. पण गच्चीवरील मुलीच्या तोंडून तो ऐकला की शाळकरी पोरालाही तो कळतो. 1991 साली या गोधडीचे मुलांसाठी पुस्तक झाले, आणि हजारो घरांत ते निजताना वाचले जाऊ लागले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रिंगगोल्डबाईंचे स्वतःचे वडील पुलावरचे मजूर नव्हते. ते शहराच्या सफाई खात्यात गाडी चालवीत. म्हणजे गच्ची खरी, उन्हाळा खरा, पूल खरा, आणि बापाची गोष्ट शेजारपाजारच्या अनेक बापांची. आपल्या आठवणीत त्यांनी वस्तीची आठवण शिवून घेतली. गोधडीला तरी सगळे तुकडे एकाच लुगड्याचे कुठे असतात?

पुढे 1992 साली त्या न्यू जर्सीतील एंगलवूड येथील जोन्स रोडवर राहायला गेल्या. तेथे चित्रशाळा बांधायला काही शेजाऱ्यांनी विरोध केला. जोन्स हे त्यांचे माहेरचे आडनाव. त्यांनी वाद न वाढविता गोधड्यांची एक मालिका केली. तीत गुलामीतून पळालेल्या माणसांचा एक जथा रात्रीच्या जंगलातून उत्तरेकडे, जोन्स रोडकडे निघालेला आहे. स्वतःला मिळालेल्या वागणुकीचे उत्तर त्यांनी पूर्वजांच्या पावलांनी दिले.

दोन आक्षेप

या कलेवर दोन आक्षेप येतात, आणि त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, आठवण म्हणजे इतिहास नव्हे. आठवणीत भेसळ होते. हे खरेच आहे, आणि याचे उदाहरण गोधड्यांतच आहे. पळणाऱ्या गुलामांना गोधड्यांवरील नक्षीतून गुप्त खुणा दिल्या जात, अशी गोष्ट 1999 साली निघालेल्या एका पुस्तकामुळे फार पसरली. ती ऐकायला गोड आहे, पण इतिहासकारांना तिला पुरेसा पुरावा दिसलेला नाही. तेव्हा ती सांगताना जपूनच सांगावी. परंतु दुसरी बाजूही पाहा. 1860 साली, गुलाम आणण्यावर बंदी येऊन बावन्न वर्षे झाली असताना, क्लोटिल्डा नावाच्या जहाजाने शंभरावर आफ्रिकी माणसे चोरून अलाबामात उतरविली, आणि पुरावा नष्ट करण्यासाठी जहाज जाळून बुडविले. त्या माणसांच्या वंशजांनी ही हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगत ठेवली. 2019 साली मोबाइलजवळच्या गाळात ते जहाज ओळखले गेले. घरातली आठवण तपासून घ्यावी, पण ती घरातली आहे म्हणून फेकून देऊ नये, एवढाच याचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गोधडी संग्रहालयात गेली, तिची वाहवा झाली, यात शिवणारीच्या पदरी काय पडले? पॉवर्सबाईंचे पाच डॉलर आपण पाहिले. जीज बेंडच्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत गेल्या आणि त्यांच्या नक्षीच्या सतरंज्या, पिशव्या बाजारात आल्या, तेव्हा पैशाच्या वाटणीवरून काही शिवणाऱ्या बायकांना न्यायालयात जावे लागले. पुढे ते दावे मिटले. आमच्या मते हा आक्षेप कलेवर नसून आपल्या पाहण्यावर आहे. नक्षी पाहिली आणि नाव विचारले नाही, तर शिरगणतीच्या त्या तक्त्यांहून आपण फारसे निराळे वागलो असे होत नाही.

आपल्या दाराशी

अखेर एक जवळची गोष्ट. आफ्रिकेतून आलेली माणसे अमेरिकेतच गेली असे नाही. पोर्तुगीजांनी गोव्यात आफ्रिकी गुलाम आणले होते. त्यांतील कित्येक पळून घाटावरच्या रानात गेले, आणि उत्तर कर्नाटकाच्या कारवार भागात त्यांचे वंशज सिद्दी म्हणून आजही राहतात. पुष्कळांच्या घरची बोली कोकणी आहे. त्यांच्या बायका जुन्या साड्यांच्या आणि कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंद’ नावाची गोधडी शिवतात. कडेपासून सुरुवात करून टाके घालीत मध्यापर्यंत जायचे, आणि कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून ‘फुले’ लावायची, ही त्यांची पद्धत. फुले नसतील तर कवंद उघडे वाटते, असे त्या म्हणतात. हल्याळ-यल्लापूरकडे जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हे कवंद पाहिले असेल, आणि पाहिले असल्यास शिवणारीचे नाव विचारले असेल?

आपल्या प्रत्येकाच्या घरात पेटीच्या तळाशी किंवा माळ्यावर एखादी जुनी गोधडी असेल. तिच्यात कोणाचे लुगडे आहे, कोणाचे धोतर आहे, ते कोणत्या साली, कोणत्या अडचणीत फाटले, हे सांगणारे माणूस बहुधा एकच उरलेले असते, आणि ते फार दिवस राहणारे नसते. ज्यांच्या घरी सनदा आहेत त्यांचे इतिहास संशोधक लिहितील. ज्यांच्या घरी त्या नाहीत, त्यांनी निदान या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना त्या म्हातारीजवळ बसवावे, गोधडी उलगडावी, आणि ती सांगेल ती नावे वहीत लिहून घ्यावीत.